आबुंदिओचा संत सोमवार

मेक्सिकोतल्या लेओन शहरात बूट बनवणारी माणसं सोमवार पाळतात. उपास वगैरे काही नाही. घशाला तर त्या दिवशी मुळीच उपास नसतो. शनिवारी हातात पगार पडतो, रविवार जेवणावळीत आणि बाटलीत जातो, आणि सोमवारी सकाळी डोकं उशीवरून उचलवत नाही. मग त्या दिवसाला सरळ संतांच्या पंगतीत बसवायचं, ‘सान लुनेस’ म्हणजे संत सोमवार असं नाव द्यायचं, की झालं. संताचा दिवस म्हटल्यावर कामाला कोण हात लावणार? कोएसीयो या बूटवाल्यांच्या वस्तीतल्या गल्ल्यांत हा धर्म बापाकडून मुलाकडे चालत आलाय आणि कारखान्यांचे मालकही तितक्याच पिढ्या त्याच्या नावानं बोटं मोडत आलेत.

आबुंदिओ पादिया हा या संताचा हाडवैरी. गार्सिदुएन्यास यांच्या कारखान्यात तो साच्याच्या खात्याचा मुकादम होता. शाळेच्या मुलांचे काळे बूट तिथं बनतात. शिवून आलेलं वरचं चामडं पायाच्या आकाराच्या साच्यावर चढवायचं, पकडीनं ताणायचं आणि तळाशी चुका ठोकून बसवायचं, हे त्या खात्याचं काम. ताण कमी पडला तर बूट महिन्यात पसरतो, जास्त पडला तर पोराची करंगळी रडते. हे सगळं आबुंदिओ दोनेक वर्षांत शिकला. पुढची चाळीस वर्षं तिथं काय शिकत होतात, असं त्याची मुलगी नोएलिया हिनं त्याला एकदा तोंडावर विचारलं होतं. ती मोन्तेर्रेईला असते, चार नोकऱ्या सोडून पाचवीत आहे. “एका जागी बसून माणसाला बुरशी येते, पपा,” असं ती हसत म्हणाली. तोही हसला. मनात मात्र ते कुसळासारखं रुतून बसलं.

खरं तर त्याचं निम्मं काम कारखान्याबाहेरच असायचं. दर सोमवारी उजाडताच तो घरातून निघे. कोपऱ्यावरच्या गाडीवरून दोन-तीन ग्वाकामाया बांधून घेई. ग्वाकामाया म्हणजे कडक पावात कुरकुरीत तळलेली डुकराची कातडी आणि वर डोळ्यांतून पाणी काढणारी चटणी. मेलेला माणूस उठून बसेल असं खाणं. ते घेऊन तो आपल्या खात्यातल्या गैरहजर राहण्याची शक्यता असलेल्या एकेका भक्ताचं दार ठोठावत जाई. कुणाला शिव्या घालून उठवायचं, कुणाच्या तोंडावर पाणी मारायचं, कुणाच्या बायकोशी आधी दोन शब्द बोलून घ्यायचे, आणि कुणाजवळ काही न बोलता नुसतं बसायचं, हे त्याला दार उघडण्याच्या आवाजावरून कळायचं. भोंगा व्हायच्या आत तो सगळी वरात घेऊन फाटकात हजर.

हे त्याला कुणी पगार देऊन सांगितलेलं नव्हतं. तो स्वतः मिसरूड फुटायच्या वयात सोमवारचा पक्का भक्त होता. तेव्हाचा मुकादम, गुमेर्सिंदो नावाचा चिडका म्हातारा, एकदा त्याला कॉलर धरून न्यायला आला. वाटेत त्यानं विचारलं, “पितोस कशासाठी रे?” या प्रश्नावर आबुंदिओला रडूच फुटलं. आपण नाही गेलो तर आपल्याला न्यायला कुणी येईल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. पुढं ग्वादालाहाराच्या एका बड्या कारखान्यानं त्याला दीडपट पगार देऊ केला होता. तो गेला नाही. बायकोला त्यानं भलतीच कारणं सांगितली. खरं कारण एवढंच होतं की सोमवारी या लोकांना उठवणार कोण?

आता कारखाना म्हाताऱ्या मालकाच्या नातीच्या, आम्पारोच्या हातात आला होता. पोरगी हुशार, आणि मनानंही चांगली. लहानपणी साच्याच्या खात्यात खेळायला यायची आणि आबुंदिओच्या खिशातल्या चिंचेच्या गोळ्या पळवायची. तिनं बोटाचा ठसा घेणारं यंत्र बसवलं आणि दोन नियम केले. लागोपाठ तीन सोमवार जो चुकवेल त्याला नारळ. आणि सलग पंचवीस वर्षांत ज्यानं एकही सोमवार बुडवला नाही त्याला ऑक्टोबरात, बूट बनवणाऱ्यांचा संत असलेल्या सान क्रिस्पिनच्या दिवशी, सगळ्या कारखान्यापुढे, सोन्याचा साचा. सोनं म्हणजे पितळेवर मुलामाच, पण चांगला वीतभर, खाली नाव कोरलेला.

तो मिळेल असा माणूस सगळ्या कारखान्यात एकच होता. आबुंदिओनं वरवर “मला काय करायचाय तो, दाराला टेकण म्हणून लावीन” असं म्हटलं. पण त्याला तो हवा होता. अगदी लहान मुलाला हवा असावा तसा हवा होता. सान क्रिस्पिननंतर महिन्याभरात तो निवृत्त व्हायचा होता. नोएलिया नवऱ्याला आणि मुलांना घेऊन येणार होती. बुरशी कशी चकाकते ते तिला एकदा दाखवायचंच, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. पंचवीस वर्षं पुरी व्हायला मोजके सोमवार उरले होते.

आणि पोन्सियानोचे लागोपाठ दोन सोमवार बुडाले होते.

पोन्सियानो त्याच्या खात्यातला सगळ्यात चांगला हात. त्याची बायको दोमितिला ऑगस्टमध्ये गेली. मूलबाळ नव्हतं. शाळा उघडायच्या तोंडावर कारखान्यात श्वास घ्यायला फुरसत नव्हती. तिला रविवारी पुरलं आणि सोमवारी हा येऊन कामाला लागला. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. सप्टेंबर गेला, आणि मग अचानक त्यानं सोमवार धरला. आबुंदिओ दोन्ही सोमवारी त्याच्या दाराशी जाऊन आला होता. दार न उघडता आतून आवाज आला, “डोकं ठणकतंय, उस्ताद. तुम्ही व्हा पुढं.” विधुर माणूस पितो, त्यात नवल काय? आबुंदिओनं पायरीवर सेबादीनाची बाटली ठेवली, कारण रात्रीचा उतारा म्हणून त्या आंबट फसफसत्या सरबताला तोड नाही, आणि तो भोंग्याच्या आधी फाटक गाठायला निघून गेला.

तिसऱ्या सोमवारी तो नेहमीपेक्षा लवकर पोचला.

“दार उघड.”

“डोकं...”

“डोकं तुझं ठणकतंय, नोकरी माझ्या खात्यातली जातेय. आज नाही आलास तर तुला काढणार, ठाऊक आहे ना? उघड, नाहीतर हा पाव मी इथं उभ्या उभ्या खाईन आणि तुला वाससुद्धा देणार नाही.”

कडी निघाली. आबुंदिओ शिव्यांची तयारी करूनच आत शिरला आणि तिथंच थबकला. पोन्सियानो आंघोळ करून, कामाचे कपडे घालून उभा होता. तोंडाला दारूचा वास नव्हता. खोलीतलं सगळं सामान भिंतीला लावलेलं, आणि मधोमध जमिनीवर चुन्याचा क्रूस. भोवती सुकलेली फुलं आणि एक जळती मेणबत्ती.

त्या गावात माणूस गेला की पेटी जिथं ठेवली होती तिथं चुन्याचा क्रूस काढतात. नऊ रात्री त्याच्यापुढं प्रार्थना होते, आणि नवव्या रात्री तो उचलून, पुडीत बांधून थडग्यावर नेतात. उचलला की गेलेला माणूस घरातून निघाला. दोमितिलाचा क्रूस ऑगस्टपासून तसाच होता. कडा जिथं पुसल्या होत्या तिथं कुणीतरी नवा चुना घातला होता.

“नववी रात्र झालीच नाही?” आबुंदिओनं हळूच विचारलं.

“मी लोकांना परत पाठवलं. म्हटलं, पुढच्या आठवड्यात करू.” पोन्सियानो मान खाली घालून बोलत होता. “माझी बहीण एल्विया बसते हो इथं रोज, आपलं शिवणकाम घेऊन. पण या महिन्यापासून तिनं सोमवारच्या बाजारात पाल लावलंय. बहीण असली तरी तिलाही पोट आहे. मग सोमवारी हिच्याजवळ कोण? मेणबत्ती पेटती ठेवून कुलूप कसं लावू? विझवून जाऊ म्हणता? अंधारात एकटीला ठेवून?”

“मग मला सांगायचंस ना, गाढवा!”

“काय सांगू? मी चुना राखत बसलोय? खात्यात सगळ्यांनी माझी फिरकी घेतली असती. त्यापेक्षा प्यायलो म्हणाले तर बरं. पिणाऱ्याला कुणी हसत नाही.”

 दोन सोमवार आबुंदिओ या दारापर्यंत आला होता. एरवी त्यानं दारावर खांदा मारला असता. पण हल्ली त्याला घाई असायची. भोंगा गाठायचा, बोट टेकवायचं, साचा मिळवायचा. नाव कोरलेल्या पितळेपायी तो उंबऱ्यातून परत फिरला होता. त्याला स्वतःची लाज वाटली.

हातात पावांची पुडी होती, तिचं काय करावं हेही त्याला सुचेना. दारुड्याला उठवायची सगळी हत्यारं त्याच्याजवळ होती. ह्याला कशानं उठवणार?

त्यानं टोपी काढली आणि भिंतीशी खुर्ची ओढून बसला.

“उस्ताद, भोंगा होईल,” पोन्सियानो म्हणाला. “तुम्ही जा. तुमचा साचा आहे.”

“बस खाली. खा हे.”

दोघांनी एकेक ग्वाकामाया खाल्ली. चटणी नाकातोंडात गेली, दोघांचे डोळे वाहायला लागले, आणि चटणीचं पाणी संपल्यावरही ते वाहतच राहिले.  मग छपरांवरून भोंगा आला, लांब, नेहमीचा. आबुंदिओच्या पायांनी सवयीनं उठायचा हिसका दिला. त्यानं गुडघे हातांनी दाबून धरले. भोंगा थांबला. झालं. गेला साचा.

बोटं पुसत पोन्सियानो म्हणाला, “उचलला की ती जाते, उस्ताद.”

“हो.”

“मग?”

“मग काय? मी तुला खोटं सांगणार नाही. घर रिकामं होतं. माझी आई गेली तेव्हा झालं होतं.” आबुंदिओनं नाक पुसलं. “पण अरे, दोन महिने तीही अडकून पडलीय ना जमिनीवर. दोमी कधी एका जागी बसायची का? नाचायला मिळालं की चपला काढून पळायची. तिला असं पसरून ठेवलंस तू, चुन्यात. ती तुला काय म्हणत असेल?”

पोन्सियानोच्या तोंडावर हसू आलं. दोन महिन्यांत पहिलंच असावं. त्याचे गाल हसायचं विसरलेले दिसले.

“शिव्या घालत असेल,” तो म्हणाला. मग त्यानं मेणबत्तीकडे पाहिलं. “बोलवा चोनाबाईंना.”

चोनाबाई म्हणजे गल्लीतल्या प्रार्थना सांगणाऱ्या आजी. गुडघे धरून, कुरकुरत आल्या. “भर दिवसा क्रूस उचलतात होय? आणि तोही सोमवारी? नऊ रात्री कुठं गेल्या होत्या? मी तेव्हा तमाले खायच्या तयारीनं आले होते, तर या बाबानं दारातून वाटेला लावलं.”

“आजी, तिला काय घड्याळ बघायचंय का?” आबुंदिओ म्हणाला. “तुम्ही म्हणा.”

“क्रूसाचा धर्मपिता कोण? त्याच्याशिवाय उचलत नाहीत.”

पोन्सियानोनं आबुंदिओकडे पाहिलं. विचारायचं धाडस त्याला होत नव्हतं.

“मी,” आबुंदिओ म्हणाला.

चोनाबाईंनी फाटक्या आवाजात प्रार्थना धरली. आबुंदिओ गुडघ्यांवर बसला. आधी डोक्याकडचा चुना, मग एक बाहू, मग दुसरा, मग पाय, असा तो छोट्या कुंच्यानं रुमालात भरत गेला. चामडं ताणणारे ते जाड हात त्या चुन्यावर असे फिरत होते, जणू झोपलेल्या माणसाखालची चादर काढतायत. कुंचा पायांच्या भागाशी आला तेव्हा पोन्सियानो वाकला आणि शेवटची चिमूट त्यानं स्वतः उचलली. मग तो जमिनीवर बसून मोठ्यानं रडला. चोनाबाई प्रार्थना न थांबवता त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या.

“झालं,” त्या शेवटी म्हणाल्या. “आता तुम्ही दोघं कम्पाद्रे झालात, धर्माचे भाऊ. भांडण करायचं नाही, आणि एकाच्या घरी मरण आलं की दुसऱ्यानं बोलावण्याची वाट बघायची नाही. आता मला कुणीतरी कॉफी द्या.”

दुपारी दोघं दफनभूमीत जाऊन पुडी पुरून आले. आल्यावर पोन्सियानोनं खिडकी उघडली आणि पलंग पुन्हा खोलीच्या मध्यावर ओढला.

संध्याकाळी नोएलियाचा फोन आला. आबुंदिओनं सगळं सांगितलं. 

“पपा, आम्ही तिकिटं काढली आहेत. पोरांनी शाळेत सांगून ठेवलंय, आमच्या आजोबांना सोन्याचा बूट मिळणार.”

“बूट नाही. साचा.”

“तेच ते. अहो, गुडघा दुखत होता म्हणून सांगा ना! दुखतोच की तुमचा गुडघा. आजारपण नियमात चालतं. इतकी वर्षं घातलीत, एक वाक्य बोलायला काय जातंय?”

खरंच काय जात होतं? गुडघा तर दुखतच होता. आज तर गुडघ्यांवर बसून जास्तच. आबुंदिओ त्या वाक्याला कुशीत घेऊनच झोपला.

मंगळवारी सकाळी दोघांना ऑफिसात बोलावणं आलं. आम्पारोच्या टेबलामागच्या कपाटावर काहीतरी फडक्यात गुंडाळून ठेवलेलं होतं, वीतभर. आबुंदिओनं तिकडे पाहिलं नाही.

“पोन्सियानो, तिसरा सोमवार,” ती म्हणाली. तिलाही ते आवडत नव्हतं. पेन्सिल नुसतीच फिरत होती. “नियम मी केला, मीच मोडला तर उद्या कोण पाळेल?”

 पोन्सियानो चुन्याचं बोलणार नाही हे आबुंदिओला माहीत होतं.

“बायको गेली की तीन दिवस रजा असते ना आपल्याकडे?” आबुंदिओनं विचारलं.

“असते.”

“यानं किती घेतली?”

आम्पारोनं पेन्सिल ठेवली. “एकही नाही?”

“शाळेच्या बुटांची घाई होती. रविवारी पुरून सोमवारी आला. तुम्ही खात्यात येऊन म्हणाला होतात की याचे उपकार विसरणार नाही. त्यानं ते तीन दिवस आत्ता घेतले, पोरी. दुःखाला तारीख पाळायचं कळत नाही. आणि तो प्यायला नव्हता. कशात गुंतला होता ते मी सांगणार नाही, पण मी डोळ्यांनी पाहिलंय.”

आम्पारो पोन्सियानोकडे पाहत राहिली. मग तिचा चेहरा लहानपणी गोळ्या चोरताना सापडल्यावर व्हायचा तसा झाला. “माफ करा,” ती त्याला म्हणाली. “तुम्हाला तेव्हाच घरी पाठवायला हवं होतं. जा तुम्ही. हे तिन्ही दिवस रजेत गेले.”

पोन्सियानो दारापर्यंत गेला, पण बाहेर पडला नाही.

“आता तुमचं, काका.” तिचा आवाज खाली आला. “काल तुम्ही नव्हता. मला कारण लिहावं लागतं. तुमचा गुडघा... बरा आहे का?”

तिनं ते इतक्या मायेनं विचारलं होतं की ‘नाही’ एवढंच म्हणायचं होतं. मान हलवली असती तरी चाललं असतं. आबुंदिओच्या डोळ्यांपुढं नातवंडं आली. नोएलिया आली. फडक्यातली ती वीतभर वस्तू, न पाहताही आली.

पण मग कालचा दिवस गुडघेदुखीत जमा झाला असता. तीस वर्षं ज्यासाठी तो दारं ठोठावत हिंडला ते त्याला काल, त्या खोलीत, जमिनीवर बसल्यावर नीट कळलं होतं. तो दिवस त्याचा होता. तो कुणाला द्यायला त्याचा जीव होईना.

“गुडघा ठणठणीत आहे,” तो म्हणाला. “सान लुनेस लिहा.”

“काका!”

“जन्मभर लोकांच्या संत सोमवारावर पाणी ओतत आलो. माझ्या वाट्याला एक आलाय. तेवढा तरी माझ्याजवळ राहू द्या.”

आम्पारोला हसू आलं, आणि हसता हसता तिनं तोंड खिडकीकडे वळवलं.  मग तिनं लिहिलं.

साच्याच्या खात्यात बातमी त्यांच्या आधी पोचली होती. आबुंदिओ दारात दिसताच सगळ्यांनी हातोड्या टेबलांवर आपटायला सुरुवात केली.

“या या, संत आबुंदिओ!”

“उस्ताद, डोकं कसंय? सेबादीना मागवू?”

“कोणत्या गुत्त्यात होता? आम्हाला न सांगता?”

आबुंदिओनं दोघा-तिघांना ठेवणीतल्या शिव्या दिल्या, कमरेला फडकं बांधलं आणि आपल्या जागेवर गेला. नोएलियाला फोन करायचा होता. काय सांगायचं ते अजून जुळत नव्हतं. येऊ नका म्हणावं की या म्हणावं? या म्हणावं. तमाले तरी खातील.

शेजारच्या टेबलावर पोन्सियानोनं साच्यावर चामडं चढवलं होतं. तो इकडे तिकडे काहीतरी शोधत होता. आबुंदिओनं आपली जुनी, मुठीला चामडं गुंडाळलेली पकड उचलली. ती तो कुणाला हात लावू देत नसे. कम्पाद्रे झालेल्या माणसांना एकमेकांना अरे-तुरे करता येत नाही, मग वयात कितीही अंतर असो. सगळ्या खात्याला ते ठाऊक होतं.

“ही घ्या, कम्पाद्रे,” आबुंदिओ म्हणाला. “तुमची बोथट झालीय.”

हातोड्या थांबल्या. पोन्सियानोनं पकड घेतली, चामड्याची कड धरली आणि ताण दिला.